चाकू मला दिसलाच नाही

मला चाकू लागला तेव्हा माझं वय एक्कावन्न होतं, आणि चाकूपासून बचाव कसा करायचा हे मी पंचवीस वर्षं लोकांना शिकवत होतो. हे वाक्य सलग, मध्ये न अडखळता म्हणायला मला एक वर्ष लागलं.

वॉर्डात माझ्यासारखे आणखी काही जण होते. कुणाला भांडण सोडवताना लागलेलं, कुणाला घरातल्याच माणसानं मारलेलं. पायावरून ट्रॅक्टरची ट्रॉली गेलेला माणूस दिवसातून दहा वेळा ट्रॉलीची गोष्ट सांगायचा. चाकू लागलेली माणसं भिंतीकडं तोंड करून पडायची. मीही त्यातलाच. हे लिहितोय ते अशा माणसांसाठी, आणि त्यांच्या उशाशी स्टुलावर बसलेल्या त्यांच्या घरच्यांसाठी. औषधपाण्याचं डॉक्टर सांगतील. मी बाकीचं सांगतो.

रसवंतीवर

मी शाळेत पीटी शिकवतो. सहा वाजता बुद्धविहारामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझा स्वसंरक्षणाचा क्लास असायचा. शाळा सुटल्यापासून क्लास भरेपर्यंतचा वेळ मी क्रांती चौकापासून थोडं आत, नामदेवच्या रसवंतीवर काढायचो. नामदेव माझ्याच वयाचा. त्याची थोरली मुलगी कधीकाळी माझ्याकडं शिकलेली, म्हणून तो मला ‘सर’ म्हणायचा आणि त्यामुळं तिथं येणारा प्रत्येक जण मला सरच म्हणायचा.

एप्रिलातला दिवस होता, ऊन अजून उतरलं नव्हतं. रसवंतीसमोर दोन मोटारसायकली एकमेकींना घासल्या. दोन्ही पोरं वीस-बावीसची. शिव्या झाल्या, छातीला छाती लागली, लोकांनी त्यांना बाजूला केलं. एक जण निघून गेला. दुसरा तिथंच रस पीत बसला. दहा मिनिटांनी पहिला परत आला, पायी. उजवा हात मांडीला चिकटवून सरळ चालत आला.

नामदेव म्हणाला, “सर, तुम्ही बघा बरं जरा. तुमचं ऐकतील ते.”

मी उठलो. उठताना मला काय वाटलं ते खरं सांगतो. मला बरं वाटलं. बाकावरची चार-पाच माणसं माझ्याकडं बघत होती. मी शर्टाच्या बाह्या वर केल्या.

“ए दादा, थांब. बोलून घेऊ आपण,” असं म्हणून मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्यानं माझ्या पोटात बुक्की मारली. मला बुक्कीच वाटली ती. चाकू मला दिसलाच नाही.

दुसऱ्यांदा त्याचा हात आला तेव्हा माझ्या हातांनी हजारो वेळा केलेलं तेच केलं. मनगट पकडायला पुढं गेले. पण शेडमध्ये समोरचा पोरगा वार करून हात तिथंच ठेवायचा, मला पकडता यावा म्हणून. ह्या पोरानं हात तोवर मागं घेतला होता. माझी मूठ मनगटावर न वळता पात्यावर वळली, आणि त्यानं पातं ओढून घेतलं. तिसरा वार डाव्या हातावर बसला. मग तो स्वतःच घाबरला आणि पळाला.

नामदेव म्हणतो, हे सगळं व्हायला रसाचा एक ग्लास भरेल इतकाही वेळ लागला नाही.

मी उभाच होतो. मला फक्त तहान लागली होती. मी पाणी मागितलं. नामदेवचा चेहरा पांढरा पडलेला बघून मी खाली माझ्या शर्टाकडं बघितलं. “बसा सर. खाली बसा,” तो म्हणत होता, आणि गल्ल्यामागचा घडी न मोडलेला टॉवेल माझ्या पोटावर दाबत होता. गर्दीतून एक बाई पुढं आली, नुसता पदर खोचलेला आठवतो, आणि म्हणाली, “ह्यांचा हात वर धरा. खाली नका लोंबू देऊ.” तिनंच तो धरून ठेवला, रिक्षा येईपर्यंत. रिक्षात बसताना सोडला. ती कोण होती हे मला आजवर कळलं नाही. मी नंतर नामदेवला दोनदा विचारलं. त्यालाही माहीत नाही.

डॉक्टरांनी सांगितलं तो दिवस

पोटाचं ऑपरेशन त्याच दिवशी झालं. हाताचंही थोडं काम झालं होतं, पण हाताबद्दल कुणी बोलत नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी डॉक्टर मॅडम आल्या. तरुण होत्या, डोळ्यांखाली काळं पडलेलं. त्यांनी उजव्या हाताची पट्टी सोडली आणि म्हणाल्या, “अंगठा करंगळीला लावून दाखवा.”

मी लावत होतो. म्हणजे मला वाटत होतं की मी लावतोय. करंगळी जागची हलली नाही.

“आता डोळे मिटा. इथं काही कळतंय?”

“नाही.”

“इथं?”

“लावलंय का तुम्ही काही?”

त्यांनी माझा हात खाली ठेवला. मग खाटेच्या कडेवर टेकल्या. डॉक्टर सहसा टेकत नाहीत, त्यामुळं मला आधीच समजलं. “पोटाची काळजी करू नका. आतडं शिवलंय, ते जुळेल. हाताचं मात्र मी आज सांगू शकत नाही. आतलं सगळं जोडलंय. पण जाणीव हळूहळू येते, आणि सगळी येईलच असं नाही.”

“मूठ वळेल का?”

“काय काम करता तुम्ही?”

मी बोलायच्या आत शोभा, माझी बायको, म्हणाली, “शाळेत आहेत. पीटीचे शिक्षक.” क्लासचं तिनं काही सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. आम्ही दोघांनी एकमेकांकडं न बघता ते ठरवलं.

पण लपलं नाही. दुपारी वॉर्डातला मामा चादर बदलायला आला आणि माझ्याकडं निरखून बघत म्हणाला, “तुम्ही ते कराटेवाले सर ना? माझ्या पुतण्याच्या शाळेत चाकूचा खेळ करून दाखवला व्हता तुम्ही.”

“व्हय,” मी म्हणालो.

“आन् तुम्हालाच लागला?”

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच नवल वाटलं होतं. त्या दिवसापासून मी भिंतीकडं तोंड करून पडू लागलो.

मोसंबी

वॉर्डाचा दिवस फिनेलच्या वासानं उजाडायचा. मग चहा, मग इंजेक्शन, मग डॉक्टरांचा राउंड, आणि मग एक लांबच लांब दुपार. माझे दोन्ही हात बांधलेले. चमचा धरता येत नव्हता, माशी हाकलता येत नव्हती. नाक खाजलं की शोभाला सांगायचं. एक्कावन्न वर्षांच्या माणसानं, जो रोज शंभर जोर काढायचा, त्यानं.

शोभा अंगणवाडीत आहे. दुपारी तिला जावं लागायचं. तेव्हा अगदी लागून असलेल्या खाटेवरचे भानुदासमामा माझं बघायचे. पैठणकडचे, मोसंबीची बाग असलेले. ट्रॉलीवाले ते हेच. त्यांचा पाय वजन लावून टांगलेला होता, हात मात्र मोकळे. ते खाटेवर पडल्या पडल्या मोसंबी सोलायचे, नखांनी, सुरीबिरी नाही. एकेक फोड सोलून, बिया काढून माझ्या तोंडात द्यायचे.

“नको मामा,” मी म्हणायचो.

“पाच फोडी खा, मंग नको म्हणा.”

“तुमचा पाय दुखत असेल, कशाला त्रास.”

“पायानं थोडीच सोलायलोय मी.”

मी हसलो की पोटाचे टाके ओढायचे, म्हणून ते मला हसवून परत “हसू नका, हसू नका” म्हणायचे. त्यांनी मला एकदाही विचारलं नाही की कसं लागलं. आज कुणी अशा माणसाला भेटायला निघालं, तर मी एवढंच सांगतो. जाताना मोसंबी न्या, आणि कसं झालं ते विचारू नका. त्याला सांगायचं असेल तेव्हा तो सांगेल.

घरी

पंधरा दिवसांनी घरी आलो आणि तिथं भीती सुरू झाली. दवाखान्यात ती नव्हती, ह्याचं मला अजून आश्चर्य वाटतं.

रस्त्यात कुणी मागून चालत आलं की मी भिंतीला पाठ लावून थांबायचो. कुणी खिशात हात घातला की माझं लक्ष त्या हातावरून हलायचं नाही, मग तो हात रुमाल काढो की मोबाइल. आणि स्वयंपाकघरातला आवाज. पाटावर भेंडी चिरताना जो टकटक आवाज येतो तो. पहिल्या दिवशी तो आला आणि मी उठून गच्चीवर गेलो, भर उन्हात. शोभानं विचारलं, “काय झालं?” मी म्हणालो, “गरम होतंय.”

त्यानंतर आमच्याकडं वरण, पिठलं, मोडलेली गवार, हातानं निवडलेली मेथी, असंच होत राहिलं. कांदासुद्धा बुक्कीनं फोडून. आठेक दिवसांनी माझ्या लक्षात आलं की घरात चिरण्याचा आवाजच बंद झालाय. सुरी कुठं दिसत नव्हती. ती तिनं कुठं ठेवली होती हे मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

इतकं करणारी ही बाई माझ्याशी मात्र धड बोलत नव्हती. आमची मुलगी प्रज्ञा कॉलेजात आहे. घरात तीच निरोप्याचं काम करायची. “पप्पा, आई विचारतेय जेवायला वाढू का.” आई तिथंच, चार पावलांवर.

एका दुपारी प्रज्ञा घरात नव्हती. शोभा माझ्या पोटावरची पट्टी बदलत होती. खाली बघतच तिनं विचारलं, “तुम्ही मधी का गेलात?”

“तो त्या पोराला मारणार होता.”

“त्याच्याकडं चाकू हाय हे तुम्हाला माहीत होतं?”

“नाही.”

“मग कशापायी गेलात?”

मी दोन-तीन कारणं मनात जुळवली. मग म्हणालो, “लोक बघत होते.”

तिनं चिकटपट्टी फाडली, नीट बसवली, कडा दाबल्या. “मला वाटलंच,” ती म्हणाली. “ऑपरेशनच्या दाराबाहेर बसले होते तेव्हा डोक्यात हेच होतं माझ्या. शेडमधल्या टाळ्या ह्यांना पुरल्या नाहीत.”

मला राग आला. दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी राग गेला, कारण मला ते खोटं आहे असं काही केल्या म्हणता येईना.

पत्र्याची शेड

त्या महिन्यात मला शेड फार आठवायची. आत्ताची नाही, जुनी.

मी सहावीत होतो. शेडला तेव्हा तीनच बाजूंनी पत्रा होता, चौथी बाजू मोकळी. खाली माती. संध्याकाळी तिच्यावर पाणी शिंपडलं की जो वास सुटायचा तो मला अजून नाकात आणता येतो. रविवारी विहारातली वंदना संपायची, आया-आज्या पांढऱ्या साड्यांत बाहेर पडायच्या, आणि त्यांच्यातून वाट काढत आम्ही पोरं शेडकडं पळायचो. तिथं हमीद उस्ताद वाट बघत असायचे. त्यांचं सायकलींचं दुकान होतं. हाताला कायम ग्रीसचा वास. लाठी, कुस्ती आणि छुरी त्यांना त्यांच्या मामूंनी शिकवलेली. कुणाच्या घरचं पोर आहे हे त्यांनी कधी विचारलं नाही. आमच्या गल्लीतली, त्यांच्या मोहल्ल्यातली, गंगापूरहून शिकायला येऊन खोली करून राहिलेली पाटलांची, सगळी एका मातीत लोळायची. माझी आई कधी कधी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून द्यायची. उस्ताद ती उभ्याउभ्या खायचे आणि म्हणायचे, “अम्मा को बोल, मिर्ची थोडी कम.” आईनं मिरची कधी कमी केली नाही.

छुरीचा धडा असला की ते बाभळीच्या लाकडाची छुरी कोळशानं काळी करायचे. आम्ही पांढऱ्या बनियनवर. एक जण छुरीवाला, एक जण मोकळ्या हाताचा. अर्धं मिनिट. मग ते म्हणायचे, “गिनो.” आम्ही बनियनवरच्या काळ्या रेघा मोजायचो.

“कितने?”

“सात, उस्ताद.”

“मतलब सात बार मरा.”

आम्ही पोट धरून हसायचो. सात वेळा मेलेला पोरगा सगळ्यांत जास्त हसायचा. घरी आई बनियन घासताना शिव्या द्यायची. त्या वेळच्या संध्याकाळी इतक्या लांब असायच्या की सायकलवर घरी जाताना अजून उजेड असायचा, आणि मला वाटायचं हे असंच चालणार.

पुढं उस्तादांचं वय झालं. ते बिडकीनला मुलीकडं राहायला गेले आणि शेड मी चालवायला घेतली. चौथी भिंत घातली, चटया आणल्या, आरसा लावला. आणि कोळसा बंद केला. विचारलं तर सांगायचो, आया तक्रार करतात, डाग निघत नाहीत. खरं कारण वेगळं होतं. कोळसा लावला की माझ्याही बनियनवर रेघा उठायच्या. पाच, सहा, कधी आठ. पोरांसमोर ते बरं दिसायचं नाही. त्याऐवजी मी ‘प्रयोग’ बसवले. पोरगा वरून वार करायचा, मी हात पकडायचो, पिरगाळायचो, छुरी खाली, पोरगा खाली. शाळांच्या गॅदरिंगमध्ये लोक उभे राहून टाळ्या वाजवायचे. मी लोकांना फसवत होतो असं मला वाटत नव्हतं. मी सगळ्यांत आधी स्वतःलाच फसवलं होतं, त्यामुळं ते सोपं गेलं.

उस्ताद आले

एके दिवशी सकाळी दारात जीप थांबली आणि मुलीचा हात धरून उस्ताद उतरले. ऐंशीच्या पुढं असतील. पाठ वाकलेली. बिडकीनहून आले होते, कुणाकडून तरी कळलं म्हणून. मी उठायला लागलो तर म्हणाले, “बैठ रे, बैठ.”

त्यांनी माझा उजवा हात मांडीवर घेतला, उलटा केला, तळव्यावरचा व्रण बघितला. “दुखता क्या?”

“नाही उस्ताद. कळतच नाही तिथं काही.”

त्यांनी माझी बोटं एकेक करून दाबून बघितली. मग म्हणाले, “मैंने तेरे को पहला सबक कौनसा दिया था?”

“मनगटाची पकड.”

“झूट नको बोलू. पहला.”

मला आठवेना. ते थांबले. त्यांना घाई नव्हती. आणि मग आठवलं. पहिले पंधरा दिवस त्यांनी आम्हाला फक्त पळवलं होतं. शेडपासून पाण्याच्या टाकीपर्यंत. उलटं, तिरकं, हातगाड्यांच्या मधून, ओरडत. आम्हाला वाटायचं, उस्ताद अंग गरम करून घेताहेत.

“वोइच सबक था बाबा,” ते म्हणाले. “बाकी सब तो भागने को नही मिला तो.”

“मग तेव्हा सरळ का नाही सांगितलं?”

ते मराठीत बोलले. “पळायचं शिकवतो म्हणलं असतं, तर दुसऱ्या दिवशी तुम्ही एक पण आला नसता.”

त्यांनी मुलीला पाणी आणायला आत पाठवलं आणि ती गेल्यावर कुर्ता थोडा वर केला. बरगडीखाली एक जुना व्रण होता, पांढरट, बोटभर लांब. मी त्यांच्या पायाशी लहानाचा मोठा झालो, पण तो कधी बघितला नव्हता. ते कुस्तीसुद्धा बंडी घालून खेळायचे.

“तुझ्यापेक्षा लहान होतो तेव्हा. बाजारात. मी पण मधे गेलो होतो.”

“कधी सांगितलं नाही तुम्ही.”

“शरम वाटायची,” ते म्हणाले. “लोक म्हणले असते, उस्ताद को ही लगा.” मुलीची चाहूल लागली तसा त्यांनी कुर्ता खाली केला. निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “तू बोल. मैं नही बोला. तू बोल.”

त्यांनी सांगितलं असतं तर मी त्या दिवशी बाकावरून उठलो नसतो का? माहीत नाही. कदाचित उठलोच असतो. पण आता सांगायची पाळी माझी होती, आणि माझ्या शेडमधून शिकून गेलेली शेकडो पोरंपोरी ह्या गावात, खेड्यापाड्यांत होती. मनगट पकडता येतं असं त्यांना मी शिकवलं होतं.

दाणे

हाताच्या व्यायामाला जायचो तिथल्या ताई ताटात हरभरे ओतायच्या. एकेक उचलून वाटीत टाकायचा. पहिल्या दिवशी वीस मिनिटांत तीन. मग हरभऱ्याची तूर झाली, तुरीची मोहरी. मोहरीला पाच महिने लागले. रोज संध्याकाळी, क्लासच्या वेळेला, मी घरी ताट घेऊन बसायचो. करंगळीला आजही काही कळत नाही. शर्टाचं वरचं बटण प्रज्ञा लावून देते. पण खडू धरता येतो, शिट्टी धरता येते, आणि एका सकाळी चहाचा कप गरम लागला तेव्हा मी तो मुद्दाम आणखी थोडा वेळ धरून ठेवला.

त्या पोराला मी कोर्टात बघितलं. बारीक झाला होता. त्याची आई सारखी त्याची कॉलर नीट करत होती. मला राग येईल असं वाटलं होतं, तो आला नाही. पण दुसरं काही चांगलं मनात आलं असंही मी म्हणणार नाही. मी फक्त त्याच्या हातांकडं बघत राहिलो.

गंगापूर

शेड परत सुरू करण्याआधी मी जुन्या वह्या काढल्या आणि ज्यांचे नंबर लागले त्या विद्यार्थ्यांना फोन केले. “मी शिकवलं ते विसर. चाकू दिसला तर पळ.” काही हसले, काहींना वाटलं सरांच्या डोक्यावर परिणाम झालाय. एक मुलगी, आता दोन लेकरांची आई, म्हणाली, “सर, तुम्ही असं बोललात हे बरं झालं. मला ते कधी जमलंच नव्हतं. मला वाटायचं माझीच चूक आहे.”

मग गंगापूरजवळच्या एका मुलींच्या शाळेतून बोलावणं आलं. आठ वर्षांपूर्वी तिथं मी प्रयोग दाखवला होता, आताही तोच हवा होता. मी येतो म्हणालो. शोभा म्हणाली, “मीबी येते.”

मैदानावर दोनशे मुली बसल्या होत्या. मी पांढरा शर्ट घालून गेलो होतो. तिथल्या खेळाच्या मॅडमच्या हातात कोळसा फासलेली लाकडी छुरी दिली आणि म्हणालो, “मनापासून मारा. माझ्यासाठी हात थांबवू नका.” शिट्टी वाजली. मला जे जे येत होतं ते सगळं मी केलं. अर्ध्या मिनिटानं थांबलो आणि मुलींना म्हणालो, मोजा.

त्या मोठ्यानं मोजायला लागल्या. चार-पाचपर्यंत हसत होत्या. आठनंतर आवाज कमी झाला. अकरा झाल्या.

“आठ वर्षांपूर्वी मी इथं जे दाखवलं ते खरं नव्हतं,” मी म्हणालो. “तुमच्या ताया घरी असतील तर त्यांना सांगा.” मग मी शर्ट थोडा वर करून पोटावरचा व्रण दाखवला, आणि रसवंतीवर काय झालं ते सगळं सांगितलं. बाह्या वर केल्या तेसुद्धा.

पुढं बसलेल्या एका मुलीनं हात वर केला. “सर, पळायला जागाच नसली तर?”

“मग दप्तर, सायकल, खुर्ची, जे हाताला लागेल ते मधी धर. मान आणि पोट झाक. ओरड, जेवढं ओरडता येईल तेवढं. आणि वाट मिळाली की पळ. तरी लागू शकतं. लागणारच नाही असं शिकवणारा कुणी भेटला, तर त्याच्याकडं जाऊ नको.”

“मग तुम्ही शिकवणार काय?” तिनं विचारलं. मुली हसल्या, मीही हसलो.

“उठा,” मी म्हणालो, आणि दोनशे मुलींना मैदानाभोवती ओरडत पळवलं. शाळेच्या भिंतीबाहेर माणसं जमली.

मुख्याध्यापिका बाईंचा चेहरा उतरला होता. चहा देताना त्या म्हणाल्या, “सर, मला वाटलं होतं तुम्ही पोरींना धीर द्याल. त्या घाबरल्यात.” मलाही लोकांना धीर देताना बरं वाटायचं.

परतीच्या जीपमध्ये शोभा खिडकीशी बसली होती. दोन्ही बाजूंना कापूस उभा होता. माझ्या शर्टावरच्या काळ्या रेघांकडं बघून ती म्हणाली, “निघायचं नाय हे आता धुऊन.”

“नाही निघत.”

थोडा रस्ता गेला. “बाह्यांचं सांगाल असं वाटलं नव्हतं मला,” ती म्हणाली. आणि मग, बाहेर बघतच, “मलाबी शिकवा.”

“काय?”

“पळायचं. पोरींना शिकवलं ते.”

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता आम्ही माझ्या शाळेच्या मैदानावर गेलो. तिनं प्रज्ञाचे बूट घातले होते आणि साडीऐवजी पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला बांधलेली. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, लग्न झाल्यापासून कधी पळालेली मी बघितली नव्हती. मी शिट्टी वाजवली. मला वाटलं होतं मी तिच्या बरोबरीनं, तिला सांभाळत पळेन. अर्ध्या फेरीत माझ्या पोटात कळ आली आणि मी गुडघ्यांवर हात टेकून थांबलो. ती पुढं गेली. गोलपोस्टच्या पलीकडं, झाडांच्या रांगेपर्यंत ती पळत गेली, दोन्ही हात वेडेवाकडे हलवत. तिथं पोचल्यावर वळली, धापा टाकत मोठ्यानं हसली, आणि मी चालत तिच्यापर्यंत येईतो तिथंच उभी राहिली.